कतरिना चक्रीवादळ : लोकसमूह आणि उद्योग-व्यापारांचा प्रतिसाद

कतरिना चक्रीवादळ : (ऑगस्ट २००५). अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर, मुख्यतः लुइझियाना व मिसिसिपी या राज्यांत, प्रचंड संहार करणारे उष्ण कटिबंधीय चक्रीवादळ. २३ ऑगस्ट रोजी ते बहामा बेटांजवळ जन्मले, २५ तारखेला फ्लॉरिडाचा दक्षिण भाग ओलांडून मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि तेथील तापलेल्या पाण्यावर पोसून २८ तारखेला पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोहोचले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सु. २८० किमी. होता. २९ ऑगस्टच्या सकाळी ब्यूरास गावाजवळ किनाऱ्याला लागताना त्याची श्रेणी तिसरीवर उतरली होती. आखातात त्याने उठवलेले उधाण मात्र ओसरले नव्हते. मिसिसिपीतील पास ख्रिश्चन भागात पाणी सु. साडेआठ मी. चढले. बळींची संख्या अनेक वर्षे १,८३३ अशी दिली जाई; अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये ती सुधारून १,३९२ केली. नुकसान सु. १२५ अब्ज डॉलरचे झाले. प्रस्तुत नोंदीचा भर वादळानंतर माणसे, वस्त्या आणि धंदे कसे वागले यावर आहे.

कतरिनाच्या नावाखाली दोन वेगळ्या आपत्ती मोडतात. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्रच गावांत शिरला आणि घरे जोत्यापर्यंत पुसून गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये वादळ पुढे सरकत असतानाच कालव्यांच्या भिंती आणि तटबंध पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले व शहराचा सु. ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हे तटबंध लष्कराच्या अभियंता दलाने बांधले होते, आणि त्यांच्या आखणीत दोष असल्याचे त्या दलाने जून २००६ मध्ये स्वतःच मान्य केले. शहरातले कित्येक रहिवासी कतरिनाला नैसर्गिक आपत्ती म्हणायला आजही तयार नसतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याची सक्तीची सूचना २८ ऑगस्टला दिली. वादळाला तेव्हा एक दिवस उरला होता. ज्यांच्याकडे मोटार होती ते गेले, सु. एक लाख लोक मागे राहिले. त्यांत गरीब, वृद्ध, आजारी आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचा भरणा होता. सुपरडोम हे क्रीडागृह आणि शहराचे अधिवेशन केंद्र येथे हजारो लोक अन्न, पाणी आणि स्वच्छतागृहांवाचून अडकले. संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे ‘फेमा’चे, प्रमुख मायकेल ब्राऊन यांना १२ सप्टेंबरला पद सोडावे लागले. तटरक्षक दल हा या अपयशाला सन्माननीय अपवाद. त्याने ३३ हजारांहून अधिक लोक वाचवले, आणि त्यामागे जागेवरच्या अधिकाऱ्याला निर्णयाची मोकळीक देण्याची या दलाची जुनी रीत होती.

शेजारी आणि होड्या : सरकारी मदत रखडली असताना दक्षिण लुइझियानातील मच्छीमार व शिकारी आपापल्या सपाट बुडाच्या होड्या गाड्यांना जोडून शहराकडे निघाले. त्यांनी छपरांवरून, माळ्यांवरून माणसे उतरवली. ‘केजन नेव्ही’ हे नाव त्यातून रूढ झाले आणि पुढच्या पुरांमध्ये अशा स्वयंसेवकांचे गट रीतसर उभे राहिले. नदीपलीकडच्या अल्जिअर्स भागात स्थानिक कार्यकर्त्यांनी ‘कॉमन ग्राउंड’ ही संघटना काढून सप्टेंबरातच मोफत दवाखाना सुरू केला. टेक्सासमधील ह्यूस्टनने ॲस्ट्रोडोम उघडले आणि दीड लाखाहून अधिक निर्वासितांना शहरात सामावून घेतले.

याच दिवसांची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शहरात लूटमार आणि खून चालल्याच्या अफवा वाऱ्यासारख्या पसरल्या. त्यांतल्या बहुतेक पुढे खोट्या किंवा फुगवलेल्या ठरल्या, परंतु त्यांच्या भीतीने मदत लांबली. १ सप्टेंबरला मिसिसिपी नदीवरचा पूल पायी ओलांडून ग्रेटना गावाकडे जाऊ पाहणाऱ्या पूरग्रस्तांना सशस्त्र पोलिसांनी परत पाठवले. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले. संकटात माणूस माणसाला धरून राहतो हे विधान न्यू ऑर्लिन्सपुरते अर्धेच खरे आहे, आणि कोण कोणाला धरून राहिले हे बऱ्याच अंशी वर्णावर ठरले.

उद्योग-व्यापार : या आघाडीवरील सर्वांत बोलके उदाहरण मिसिसिपीतील गल्फपोर्टच्या हॅनकॉक बँकेचे. १८९९ साली स्थापन झालेल्या या बँकेचे मुख्यालय वादळात उद्ध्वस्त झाले. वीज नव्हती, संगणक बंद होते, त्यामुळे कोणाच्या खात्यात किती शिल्लक आहे हे कळायला मार्ग नव्हता. किनाऱ्यावर मात्र व्यवहार चालला होता फक्त रोखीने. बँकेच्या लोकांनी पडक्या शाखांसमोर टेबले मांडली आणि मागेल त्याला, तो आपला खातेदार आहे की नाही हेही न पाहता, रोकड दिली. मिळेल त्या कागदावर नाव, पत्ता, रक्कम आणि सही, एवढेच तारण. नोटा कमी पडल्या तेव्हा पुराच्या पाण्यात भिजलेल्या नोटा धुऊन, इस्त्री करून वापरात आणल्या. असे सु. ४.२ कोटी डॉलर वाटले गेले. त्यांतला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग सोडला, तर सगळा पैसा परत आला आणि पुढच्या काळात बँकेच्या ठेवी झपाट्याने वाढल्या. आपल्याच गावच्या माणसांना ओळखणारी बँक होती म्हणून हे जमले. हजार मैलांवरच्या कचेरीतून परवानगी आणावी लागली असती, तर ती मिळालीच नसती.

वॉलमार्टची दुकाने सुरुवातीला १२६ ठिकाणी बंद पडली, पण त्यांतली बरीचशी दोन आठवड्यांच्या आत उघडली. कंपनीला जुन्या विक्रीच्या नोंदींवरून वादळापूर्वी आणि वादळानंतर काय खपते हे ठाऊक होते. पाणी, जनरेटर आणि टिकाऊ खाद्यपदार्थ गोदामांत आधीच भरून ठेवले होते. शिवाय वरिष्ठांनी दुकानांच्या व्यवस्थापकांना कळवले होते की, आपल्या अधिकारापलीकडचे निर्णय घ्यावे लागतील, ते बेधडक घ्यावेत. वेव्हलंड गावातल्या एका अधिकारी बाईने मोडलेल्या दुकानात बुलडोझर घालून वाट काढली आणि औषधे व चांगला राहिलेला माल गावकऱ्यांना वाटून टाकला.

मिसिसिपी पॉवर या वीजकंपनीच्या सर्व सु. १,९५,००० ग्राहकांचा पुरवठा तुटला होता. ज्या घरांत वीज घेण्याजोगे काही शिल्लक होते, त्या सर्वांना तिने १२ दिवसांत वीज दिली. बाहेरून आलेले हजारो कामगार तिने लहान तुकड्यांत विभागले होते आणि प्रत्येक तुकडीला आपल्या उपकेंद्रापुरता पूर्ण अधिकार होता. अहोरात्र चालणाऱ्या ‘वॉफल हाउस’ या उपाहारगृहांच्या साखळीची शंभरावर ठिकाणे बंद पडली, सात नष्ट झाली. जी लवकर उघडली तेथे रीघ लागली, तेव्हा कंपनीने संकटात दुकान चालवण्याची नियमपुस्तिकाच तयार केली. पुढे फेमाचे प्रमुख क्रेग फ्युगेट यांनी त्यावरून एक सोपे माप रूढ केले : पूर्ण जेवण मिळत असेल तर हिरवा, मोजकेच पदार्थ असतील तर पिवळा, कुलूप असेल तर लाल.

‘टाइम्स-पिकायून’ या दैनिकाचे कर्मचारी ३० ऑगस्टला वृत्तपत्र वाटण्याच्या ट्रकमधून शहराबाहेर पडले. त्यांनी तीन दिवस अंक केवळ इंटरनेटवर काढला आणि नंतर हौमा गावातून छपाई सुरू केली. बिलॉक्सीच्या ‘सन हेरल्ड’ने जॉर्जिया राज्यात अंक छापून एकही दिवस खंड पडू दिला नाही. दोघांना २००६ चे लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक विभागून मिळाले. डोमिनोच्या साखर कारखान्याने बेघर कामगारांना आपल्याच आवारात फिरती घरे दिली आणि डिसेंबरात उत्पादन सुरू केले. मिसिसिपीत कायद्याने जुगारगृहे पाण्यावरच तरंगती ठेवावी लागत. ती महाकाय तराफेगृहे उधाणाने किनाऱ्यावर आणून आपटली. ऑक्टोबरातच राज्याने ती जमिनीवर बांधायला परवानगी दिली. याइतक्या वेगाने घरबांधणीचा एकही प्रश्न सुटला नाही.

विमा आणि अनुदान : किनाऱ्यावरच्या बहुतेक घरविम्यांत वाऱ्याचे नुकसान धरलेले होते, पुराचे वगळलेले. पुराचा विमा १९६८ पासूनच्या सरकारी योजनेतून वेगळा घ्यावा लागे. घराचे नुसते जोते उरले असताना ते आधी वाऱ्याने पाडले की पाण्याने, हे सिद्ध कसे करायचे? हजारो दावे याच मुद्द्यावर अडले. पॅस्कागुला येथील आपले घर गमावलेले सिनेटर ट्रेंट लॉट यांनाही विमा कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. मग ज्याच्यामागे सत्ता नाही त्याची गत काय झाली असेल!

लुइझियानाच्या ‘रोड होम’ योजनेत घरमालकाला कमाल दीड लाख डॉलर मिळत. पण रक्कम ठरवताना घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जे कमी असेल ते धरले जाई. कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराची बाजारातली किंमत आधीच कमी असे. दुरुस्तीला लागणारे लाकूड आणि मजुरी मात्र सर्वत्र सारखीच. त्यामुळे सारख्याच घराला वस्ती पाहून कमी-अधिक पैसे मिळाले. २००८ मध्ये यावर खटला झाला. २०११ मध्ये तडजोड होऊन सु. ६.२ कोटी डॉलर जादा देण्यात आले. न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये याहून अवघड गुंता होता. तेथील घरे पिढ्यान्‌पिढ्या आजोबांकडून नातवंडांकडे आली होती, पण वारसांची नावे कागदावर चढलेली नव्हती. मालकीचा स्वच्छ दाखला नाही, म्हणून अनुदान नाही. त्या वस्तीतले कितीतरी भूखंड आजही रिकामे आहेत.

परतणाऱ्या वस्त्या : शहराच्या पूर्व टोकाच्या व्हिलेज द लेस्ट वस्तीत १९७५ नंतर आलेली व्हिएतनामी कुटुंबे राहतात. त्यांचे चर्च हेच त्यांचे गाव. ऑक्टोबर २००५ मध्ये, वीज-पाणी नसताना, ती माणसे धर्मगुरू व्हिएन द न्गुएन यांच्यामागे परत येऊ लागली. वीजकंपनीला परतणारे ग्राहक हवे होते. चर्चने नावांची यादी करून दिली. २००६ मध्ये महापौरांनी या वस्तीला लागून वादळी राडारोड्यासाठी कचराभूमी उघडली, तेव्हा वृद्ध आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये ती बंद झाली.

न्यू ऑर्लिन्समधील ब्रॉडमूर वस्तीची कथा नकाशापासून सुरू होते. जानेवारी २००६ मध्ये महापौरांच्या पुनर्रचना आयोगाचा आराखडा वृत्तपत्रात आला. काही वस्त्यांवर हिरवी वर्तुळे होती : येथे पुढे उद्याने करावीत. ब्रॉडमूर त्यांत होते. रहिवाशांच्या संघाने निरनिराळ्या शहरांत विखुरलेल्या शेजाऱ्यांना शोधून काढले, गल्लीगल्लीचा हिशेब मांडला, हार्वर्ड विद्यापीठाची मदत मिळवली आणि त्याच वर्षी स्वतःचा आराखडा तयार केला. काही वर्षांतच बहुसंख्य घरे पुन्हा नांदती झाली. या दोन्ही वस्त्यांकडे वादळाआधीपासून माणसांना जोडणारी संस्था होती, हे त्यांच्या यशाचे मुख्य कारण म्हणावे लागेल. पैशाने उभी केलेली सदिच्छा तेवढी टिकली नाही : अभिनेता ब्रॅड पिट याच्या ‘मेक इट राइट’ संस्थेने लोअर नाइन्थमध्ये शंभरावर देखणी घरे बांधली, पण काही वर्षांत त्यांना कुजलेले लाकूड आणि गळती यांनी घेरले आणि रहिवाशांना २०१८ मध्ये न्यायालय गाठावे लागले.

भारताशी संबंध : महिनाभर आधी, २६ जुलै २००५ ला, मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला होता. तरीही सप्टेंबरात भारताने अमेरिकन रेडक्रॉसला ५० लाख डॉलर दिले आणि हवाई दलाच्या विमानाने ताडपत्र्या, पांघरुणे इ. साहित्य आर्कान्सातील लिटल रॉकला पोहोचवले.

दुसरा दुवा क्लेशकारक आहे. वादळानंतर कामगारांचा तुटवडा पडला, तेव्हा सिग्नल इंटरनॅशनल या जहाजदुरुस्ती कंपनीने पॅस्कागुला व टेक्सासमधील गोद्यांसाठी भारतातून सु. ५०० वेल्डर व फिटर आणले. भरतीत मुंबईच्या एका संस्थेचाही हात होता. कायमच्या वास्तव्याचे आश्वासन देऊन प्रत्येकाकडून १० हजार डॉलर आणि त्याहून अधिक रक्कम घेतली गेली. कित्येकांनी त्यासाठी घरदार विकले किंवा कर्ज काढले. तेथे एकेका फिरत्या खोलीत चोवीस जणांना कोंबून, वर त्याचे भाडे पगारातून कापले जाई. मार्च २००८ मध्ये कामगारांनी काम सोडले आणि न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनला जाऊन उपोषण केले. २०१५ मध्ये ज्यूरीने पाच जणांना १.४ कोटी डॉलर मंजूर केले. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि उरलेले दावे २ कोटींच्या तडजोडीत मिटवून तिने क्षमा मागितली.

नंतरचा काळ : न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० मध्ये ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ती ३,४३,८२९ आणि २०२० मध्ये ३,८३,९९७ भरली. सु. १४.५ अब्ज डॉलर खर्चून नवे तटबंध, दरवाजे आणि पंप उभारण्यात आले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, कतरिनाच्याच तिथीला, आयडा वादळ आले तेव्हा हे तटबंध टिकले; पण शहराची वीज गेली आणि उकाड्यात कित्येक वृद्ध दगावले. त्यानंतर चर्च व वस्तीसंस्थांच्या ‘टुगेदर न्यू ऑर्लिन्स’ या संघाने प्रार्थनास्थळांच्या व समाजगृहांच्या छपरांवर सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या बसवण्यास सुरुवात केली. प्रत्येक घरापासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर असे एक केंद्र असावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे.