एकच मांगा, दोन ॲनिमे आणि दोन वेगळे शेवट: असं का झालं?

‘ॲनिमे पाहिलंय, मग मांगा कशाला वाचायची?’ चाहत्यांमध्ये हा वाद हमखास रंगतो. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं उदाहरण पाहिलं तर त्याचं उत्तर मिळतं.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, तर ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. हिरोमु अराकावा यांची ही मांगा २००१ ते २०१० या काळात एका मासिकात क्रमशः छापून येत होती. तिच्यावरची पहिली ॲनिमे मालिका मात्र २००३ मध्येच सुरू झाली. मांगाचं प्रकरण महिन्याला एक, मालिकेचा भाग आठवड्याला एक! साहजिकच मालिकेला पुढची कथा पुरेना. मग निर्मात्यांनी कथेला वेगळं वळण दिलं आणि ५१ भागांत स्वतःचा शेवट केला. ‘होमुन्क्युलस’ हे खलनायक कसे जन्माला येतात, याचं उत्तरही इथे मूळ कथेपेक्षा वेगळं आहे.

२००९ मध्ये ‘बोन्स’ याच स्टुडिओने ‘ब्रदरहूड’ ही नवी मालिका आणली. तोवर मांगा शेवटाकडे आली होती. त्यामुळे या ६४ भागांत मूळ कथा शेवटपर्यंत पोहोचते.

मग ‘ब्रदरहूड’च सरस का? तसंही नाही. नीना टकर या चिमुरडीची गोष्ट पहिल्या मालिकेत निवांत उलगडते. ‘ब्रदरहूड’मध्ये ती एका भागात आटोपते. त्यामुळे पहिल्या मालिकेत तिचा शेवट जास्त चटका लावतो.

थोडक्यात, अराकावांची कथा हवी असेल तर मांगा वाचा किंवा ‘ब्रदरहूड’ पाहा. पण २००३ ची मालिका ‘चुकीची’ म्हणून सोडू नका. ती त्याच पात्रांची दुसरी गोष्ट आहे.