कामठी छावणी व तैनाती फौजेचा तह

नागपूरजवळ कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली लष्करी छावणी. या छावणीची मुळे त्याआधीच्या तहात आहेत: मे १८१६ मध्ये नागपूरचे आप्पासाहेब भोसले यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता. अशा मैत्रीचे बळ कागदावरच्या गोड शब्दांवरून नव्हे, तर फौज कोणाच्या हुकमात, खर्च कोणाच्या खजिन्यातून आणि परराज्यांशी बोलणी कोणाच्या मर्जीने, यांवरून जोखावे लागते. येथे पैसा भोसल्यांचा, हुकूम मात्र कंपनीचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये हे दोस्त सीताबर्डीवर एकमेकांशीच लढले. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. इतक्या वर्षांच्या दोस्तीचा तेव्हा काडीचाही उपयोग झाला नाही. छावणी मात्र टिकली; भारतीय लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आज कामठीत आहे.