घरगुती अंडी-उबवण : पिल्ले कमी निघण्याची कारणे

खुडूक कोंबडीऐवजी उबवणी यंत्रात किंवा बल्ब लावलेल्या थर्मोकोलच्या पेटीत अंडी उबवली की पिल्ले अपेक्षेपेक्षा कमी निघणे, हा घरगुती कुक्कुटपालनातला नेहमीचा अनुभव आहे. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला 28 आणि जपानी लाव्याच्या अंड्याला 17 ते 18. दिवस वेगळे असले तरी दोष शोधण्याची रीत एकच : न फुटलेली अंडी फोडून पाहायची आणि आतला गर्भ कितव्या दिवशी मेला ते ठरवायचे. यंत्राच्या पडद्यावरील आकड्यांपेक्षा ही तपासणी जास्त सांगते; पण बहुतेक घरांत ही अंडी न फोडताच उकिरड्यावर जातात.

आधी हिशेब नीट मांडावा लागतो. 30 अंडी ठेवली, त्यांतली 6 अफलित होती आणि 18 पिल्ले निघाली, तर ठेवलेल्या अंड्यांच्या मानाने उतारा 60 टक्के, पण फलित अंड्यांच्या मानाने 75 टक्के. पहिला आकडा कोंबड्यापासून यंत्रापर्यंत सगळ्यांचा मिळून असतो, दुसरा प्रामुख्याने साठवण आणि उबवण यांचा. दोन्हींची गल्लत झाली की कोंबड्याचा दोष यंत्राच्या माथी येतो.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर धरलेले अंडे स्वच्छ दिसले, तर ते अफलित असल्याचे मानले जाते. हे नेहमीच खरे नसते. फोडल्यावर बलकावर लहान, घट्ट, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका दिसला तर अंडे अफलित. ठिपका मोठा आणि कडेला वलय असलेला दिसला तर गर्भ वाढू लागून लगेच मेलेला असतो. टॉर्चच्या उजेडात लाल रक्तकडे दिसणे ही त्यापुढच्या, पहिल्या काही दिवसांतल्या मृत्यूची खूण. खरोखर अफलित अंडी जास्त निघाली तर कोंबडा म्हातारा, आजारी किंवा एकटा पडलेला असतो. साधारण 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा लागतो.

लवकर मेलेल्या गर्भांचे मूळ बहुधा यंत्राबाहेर, साठवणीत असते. सुमारे 20 अंशांच्या वर गर्भाची वाढ हळूहळू सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली अंडी यंत्रात जाण्याआधीच अर्धवट उबतात आणि तो दुबळा गर्भ पुढे टिकत नाही. अंडी 13 ते 18 अंशांत, निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि शक्यतो आठवड्याच्या आत उबवायला घालावीत. त्यानंतर उतारा घसरत जातो. एसटीने किंवा कुरिअरने आलेली अंडी आधी दिवसभर स्थिर ठेवावी लागतात. अंडी थंड पाण्याने धुण्याची सवय तर घातकच : कवचावरचा संरक्षक थर जातो आणि थंडीने आकसलेले अंडे छिद्रांतून जंतू आत ओढून घेते.

यंत्रातल्या दोषांत पहिला संशय तापमापकावर घ्यावा. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 ते 37.8 अंश तापमान लागते. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा जास्त तापते, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर सुमारे 38.5 अंश ठेवतात. स्वस्त तापमापक एक-दोन अंशांनी सहज चुकतो. घरातला ताप मोजण्याचा थर्मामीटर आणि यंत्राचा तापमापक एकाच कोमट पाण्यात, फॅरनहाइटमध्ये 100 च्या आसपास, धरले की फरक कळतो. पाण्यात बुडवता न येणारा तापमापक असल्यास दोन्ही यंत्रात शेजारी ठेवावेत. पिल्लांची वेळही हेच सांगते. ती विसाव्या दिवशीच किंवा त्याआधी निघाली, लहान आणि न भरलेल्या बेंबीची असली, तर उष्णता जास्त. बावीस-तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली आणि मऊ, सुस्त निघाली, तर उष्णता कमी. वीज तास-दोन तास गेल्याने होणारे नुकसान समजले जाते त्यापेक्षा बरेच कमी असते. झाकण न उघडता पेटीवर घोंगडी टाकली तरी पुरते. काही तास 40 अंशांवर गेलेले तापमान मात्र सगळी खेप मारू शकते.

चांगल्या खेपेतही मृत्यू दोन टप्प्यांत दिसतात : पहिल्या काही दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत. मधल्या काळात, आठव्या ते सतराव्या दिवसांदरम्यान, बरेच गर्भ मेले तर कोंबड्यांचा आहार तपासावा. नुसत्या कण्या-दाण्यावर ठेवलेल्या, हिरवा चारा न मिळणाऱ्या बंदिस्त कोंबड्यांच्या अंड्यांत रिबोफ्लेविन कमी पडते. अशा गर्भांची लव गाठाळलेली दिसते. कुजका वास आला तर मात्र कारण जंतूंचे.

आर्द्रतेचा दोष उशिरा उघड होतो. पहिले 18 दिवस ती 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के ठेवतात. खरे माप अंड्याच्या वजनात सापडते : अठराव्या दिवसापर्यंत ते 11 ते 13 टक्क्यांनी घटले पाहिजे. घट कमी झाली तर रुंद टोकाची हवेची पोकळी लहान राहते आणि फुगलेले, चिकट पिल्लू टोचा मारण्याआधी किंवा मारताच गुदमरते. कोकणच्या पावसाळ्यात भांड्यात पाणी न घालताही हे घडते. घट जास्त झाली तर आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. आर्द्रता भांड्यातील पाण्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते, म्हणून उंच पेल्यापेक्षा पसरट ताटली उपयोगी.

अंडी अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीन वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ पडद्याला चिकटतो. त्यानंतर फिरवणे आणि झाकण उघडणे दोन्ही थांबवायचे असते. इथेच घरचे लोक चुकतात. टोचा मारल्यापासून बाहेर पडेपर्यंत पिल्लाला 24 तासही लागतात, कारण त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटत असतात. घाईने कवच सोलले तर रक्त येते. दर तासाला डोकावल्याने ओलावा उडून बाकीच्या टोचलेल्या अंड्यांतले पडदेही वाळतात.

तेविसावा दिवस उलटला की उरलेली कोंबडीची अंडी घराबाहेर नेऊन रुंद टोकाकडून फोडतात. बंद खोलीत सडके अंडे फुटले तर वास दिवसभर जात नाही. पूर्ण वाढलेल्या पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाकडे आढळले तर अंडी उलटी ठेवली गेली होती.