तळघरातली हलकी भिंत

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेले आपल्याकडचे आईवडील तिथल्या ‘बेसमेंट’चे वर्णन आवर्जून करतात. तळघर म्हटले की आपल्याला अंधार आणि अडगळ आठवते. तिथे मात्र खाली गालिचा, टीव्ही, पाहुण्यांची खोली असते. घर मराठी असेल तर नाटकाची तालीमही तिथेच होते. पण या खोलीच्या भिंतीवर टिचकी मारली, तर बहुधा पोकळ आवाज येतो. त्या पोकळीला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तो सुरू होतो १८३०च्या दशकातल्या शिकागोत. तोवर लाकडी घर म्हणजे जाडजूड तुळया, एकमेकींत बसणाऱ्या खाचा आणि कसबी सुतार. शिकागो भराभर वाढत होते आणि सुतार अपुरे होते. मात्र गिरणीत कापलेल्या सडपातळ फळ्या आणि यंत्रावर बनलेले स्वस्त खिळे मिळू लागले होते. त्यातून उभ्या दांड्यांचा, नुसत्या खिळ्यांनी जोडलेला सांगाडा जन्मला. जॉर्ज स्नो की ऑगस्टीन टेलर, श्रेय कोणाचे यावर आजही एकमत नाही. त्याचे ‘बलून फ्रेम’ हे नाव चेष्टेतून पडले असे म्हणतात. चेष्टा करणारे गेले, सांगाडा टिकला. त्यात एक दोष होता. जोत्यापासून छपरापर्यंत सलग गेलेल्या पोकळीतून आग सरळ वर चढे. म्हणून पुढे प्रत्येक मजल्याचा सांगाडा वेगळा उभारण्याची पद्धत रूढ झाली.

तळघरात तेव्हा राहायला जागाच नव्हती. तिथे कोळशाची भट्टी आणि कोळशाचा ढीग असे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे गॅस आणि तेलावर तापू लागली, ढीग हटला आणि जागा मोकळी झाली. १९६१मध्ये केनेडींनी अणुहल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यांचे आवाहन केले, तेव्हा अनेकांची नजर याच जागेकडे वळली. दरम्यान ओल्या गिलाव्याची जागा जिप्समच्या तक्त्यांनी घेतली होती. त्यांचा पूर्वज १८९४ साली ऑगस्टीन सॅकेटने पेटंट केला होता. तक्ता चार फूट रुंद, उभे दांडे सोळा-सोळा इंचांवर; तीन अंतरांत तक्ता नेमका बसतो. त्यामुळे घरमालक स्वतःच सुट्टीच्या दिवशी खोली उभारू लागला.

खोलीतल्या या भिंतीवर घराचा भार नसतो, तरी तिला जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो. काँक्रीटवर टेकणारी खालची पट्टी ओल खाते, म्हणून ती कुजू नये असे औषध मुरवलेल्या लाकडाची घेतात.

मला सर्वांत कुतूहल वाटते ते डेन्व्हर परिसरातल्या भिंतींचे. तिथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तळघराची फरशी वर उचलते. भिंत फरशीवर घट्ट बसवली, तर ती वरच्या मजल्यालाही ढकलेल. म्हणून तिथे भिंत वरच्या तुळयांना टांगतात आणि खाली दीड इंच किंवा अधिक फट ठेवतात. आपल्या देशावरची काळी माती याच जातीची. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती घरांच्या भिंतींना कशी तडे पाडते, हे आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको.

भिंत सुबक झाली म्हणजे खोली सुरक्षित झाली, असे मात्र नाही. आग लागली आणि जिना धुराने भरला, तर खाली झोपलेल्याने बाहेर पडायचे कुठून? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या घरबांधणीच्या संहितेत याचे उत्तर आहे. तळघरातल्या झोपण्याच्या खोलीला माणूस बाहेर पडेल अशी वाट हवी. ती खिडकी असेल, तर उघडल्यावर साधारण ५.७ चौरस फूट मोकळी जागा मिळायला हवी आणि तिचा उंबरा फरशीपासून ४४ इंचांहून उंच नसावा.

जुन्या घरांत आणि हौसेने घरच्या घरी उभारलेल्या खोल्यांत अशी खिडकी असेलच, याची खात्री नसते. तेव्हा परदेशी मुलाकडे तळघरातल्या खोलीत मुक्काम ठरला, तर गालिच्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याआधी खिडकी कुठे आहे ते विचारावे आणि एकदा ती स्वतःच्या हाताने उघडून पाहावी.