‘रिमूव्ह एटीके’ आंदोलन

कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या नावाआधी २०२० साली लावलेली ‘एटीके’ ही अक्षरे काढून टाकावीत, यासाठी क्लबच्या चाहत्यांनी केलेले आंदोलन. जुलै २०२० मध्ये नवे नाव जाहीर झाले तेव्हापासून मार्च २०२३ मध्ये मालकांनी ते बदलत असल्याचे सांगेपर्यंत हे आंदोलन चालले. चाहत्यांच्या रेट्यापुढे मालकाला क्लबचे नाव मागे घ्यावे लागले, याचे भारतीय फुटबॉलमधले हे ठळक उदाहरण. मात्र त्या जागी जे नाव आले तेही चाहत्यांनी मागितलेले नव्हते.

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात झाली. २९ जुलै १९११ रोजी शिवदास भादुरी यांच्या नेतृत्वाखाली या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले होते. बंगालच्या फाळणीविरुद्ध रान पेटलेले असतानाच्या या विजयाचा गवगवा मैदानापुरता राहिला नाही, आणि क्लब आजही २९ जुलै हा ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा करतो. हिरवा आणि मरून हे रंग, बोधचिन्हावरची शिडाची होडी, ईस्ट बंगालशी शंभर वर्षांचे वैर आणि सामना जिंकल्यावर घरी शिजणारी कोळंबी (ईस्ट बंगालवाले जिंकले तर हिलसा) हा सगळा वारसा बापाकडून मुलाकडे येतो. नावाला हात लावणे म्हणजे कशाला हात लावणे होते, हे एवढ्यावरून कळावे.

एटीकेचा इतिहास त्या मानाने फार छोटा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा कोलकात्याच्या फ्रँचायझीत स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती. त्यावरून संघाचे नाव अ‍ॅटलेटिको दे कोलकाता आणि जर्सी माद्रिदसारखी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. माद्रिदकर २०१७ मध्ये बाहेर पडले आणि उरली ती तीन आद्याक्षरे. संघ मात्र लेचापेचा नव्हता. २०१४, २०१६ आणि २०१९-२० असे तीनदा त्याने विजेतेपद मिळवले. मूळ कंपनीच गेल्यावर आद्याक्षरांना काय अर्थ उरतो, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही.

या दोघांना एकत्र आणले ते लीगच्या रचनेने. मोहन बागान आय-लीगमध्ये खेळत होते, पण २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगला देशातील अव्वल लीगचा दर्जा मिळाला आणि आय-लीग दुय्यम ठरली. वरच्या लीगमध्ये जायचे तर पैसा हवा आणि जागाही हवी. १६ जानेवारी २०२० रोजी एटीकेचे मालक असलेल्या आरपी-संजीव गोएंका समूहाने मोहन बागानची फुटबॉल कंपनी ८० टक्के हिस्सा घेऊन ताब्यात घेतल्याचे जाहीर झाले. उरलेले २० टक्के मूळ क्लबकडे राहिले. त्याच हंगामात मोहन बागान आय-लीगचे आणि एटीके सुपर लीगचे विजेते ठरले, म्हणजे देशातले दोन विजेते संघ एका मालकाच्या छत्राखाली आले. १० जुलै २०२० रोजी संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीत संघाचे नाव ‘एटीके मोहन बागान’ असे ठरले. हिरवा-मरून रंग आणि होडी कायम राहिली. होडीच्या चिन्हात ‘एटीके’ ही अक्षरे मात्र येऊन बसली.

रंग वाचले, होडी वाचली, मग तक्रार कशाची, असे बाहेरच्या माणसाला वाटू शकते. त्याचे उत्तर क्लबच्या आधीच्या इतिहासात आहे. १९९८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाशी भागीदारी झाली तेव्हापासून हा संघ वर्षानुवर्षे ‘मॅकडॉवेल मोहन बागान’ म्हणून खेळला. ईस्ट बंगाल तेव्हा ‘किंगफिशर ईस्ट बंगाल’ होते. दारूच्या ब्रँडचे नाव पुढे लागले तरी मोहन बागानचा चाहता ते पुरस्कर्त्याची पाटी म्हणून चालवून घेत होता, कारण पाटी उद्या उतरते. एटीके ही पाटी नव्हती. तो त्याच शहरातला दुसरा संघ होता. त्याला स्वतःचे तीन किताब होते, स्वतःचे रंग होते, आणि त्याचे नाव आधी येत होते. १३१ वर्षांचा क्लब सहा वर्षांच्या संघाचा उत्तरार्ध ठरतो, हे चाहत्यांना सहन होईना. जुने किताब आता कोणाचे, हा प्रश्न त्यातूनच आला, आणि डिवचायला ईस्ट बंगालवाल्यांना तेवढा पुरेसा होता. चाहत्यांचा विरोध भांडवलाला होता असे जे म्हटले जाते ते म्हणूनच खरे नाही. पैसा कोणाला नको नव्हता. विलीनीकरणच मोडा असे म्हणणारा एक गट होता, पण मोठ्या संख्येने लोक एवढेच म्हणत होते की गुंतवणूक राहू द्या, तीन अक्षरे काढा.

या गदारोळात एटीकेच्या चाहत्यांचा कोणी विचार केला नाही. २०१४ पासून लाल-पांढऱ्या जर्सीत येणाऱ्या प्रेक्षकांचा संघ १ जून २०२० पासून उरलाच नाही, आणि त्यांच्यासाठी कोणी घोषणा दिल्या नाहीत.

आंदोलनाची पहिली दोन वर्षे विचित्र अवस्थेत गेली. फुटबॉलच्या चाहत्याची ताकद स्टँडमध्ये असते. तो घोषणा देतो, फलक धरतो, नाहीतर येतच नाही. कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यात, जवळपास सगळे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. सुपर लीगमधली पहिली कोलकाता डर्बी २७ नोव्हेंबर २०२० रोजी झाली ती वास्कोच्या टिळक मैदानावर. त्या दिवशी फलकावर नावे होती ‘एटीके मोहन बागान’ आणि ‘एससी ईस्ट बंगाल’. ईस्ट बंगालच्या नव्या गुंतवणूकदारानेही अक्षरे जोडलीच होती. मोहन बागानने सामना २-० असा जिंकला, आणि ज्या सामन्याला एरवी सॉल्ट लेक स्टेडियम भरून वाहते तो पाहायला समोर कोणी नव्हते. बहिष्कार टाकायला तिकीटच नाही म्हटल्यावर विरोध समाजमाध्यमांवर गेला आणि ‘रिमूव्ह एटीके’ हे दोन शब्द संघाच्या प्रत्येक घोषणेखाली उमटू लागले. त्याच हंगामाचा अंतिम सामना संघ मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटीकडून १-२ असा हरला.

२०२२ मध्ये कोलकात्यात प्रेक्षक परतले आणि हे दोन शब्द फलकांवर आले. मालकांची कोंडी इथे खरी झाली. संघ चांगला खेळत होता, खर्चही भरपूर होत होता, पण स्वतःचे प्रेक्षक स्वतःच्या मैदानावर संघाचे अधिकृत नाव घ्यायला तयार नव्हते. ते ओरडत ते ‘जय मोहन बागान’. जे नाव प्रेक्षकांच्या तोंडी येतच नाही ते ब्रँड म्हणून चालवण्यात व्यापाराच्या दृष्टीनेही फारसा अर्थ नव्हता.

१८ मार्च २०२३ रोजी, पुन्हा फातोर्डालाच, संघाने बेंगळुरू एफसीला २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असे हरवून सुपर लीग जिंकली. त्या जल्लोषातच संजीव गोएंका यांनी जाहीर केले की १ जूनपासून ‘एटीके’ जाईल आणि संघ ‘मोहन बागान सुपर जायंट्स’ म्हणून ओळखला जाईल. पुढे त्यातला शेवटचा ‘स’ गळून ‘सुपर जायंट’ राहिले. हा शब्द पुणेकरांना नवा नाही. याच समूहाचा आयपीएलमधला पुण्याचा संघ २०१६ मध्ये ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ होता आणि २०१७ मध्ये ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ झाला. नंतर लखनौच्या आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या क्रिकेट संघालाही समूहाने हेच नाव दिले. म्हणजे एका क्लबचे नाव गेले आणि एका उद्योगसमूहाचा शिक्का आला. तो निदान मागे आला, पुढे नाही, आणि तो दुसरा संघ नव्हता. बहुतेक चाहत्यांनी तेवढ्यावर समाधान मानले. नुसते ‘मोहन बागान’ हवे म्हणणारेही आहेत.

इतरत्र असे वाद वेगळ्या वाटेने सुटले. इंग्लंडमध्ये २०१३ साली हल सिटीचे मालक असेम अल्लम यांनी क्लबचे नाव ‘हल टायगर्स’ करायचे ठरवले. तिथे नाव बदलायला फुटबॉल असोसिएशनच्या परिषदेची संमती लागते. चाहत्यांनी ‘सिटी टिल वी डाय’ ही मोहीम उभारून थेट परिषदेला साकडे घातले. परिषदेने एप्रिल २०१४ मध्ये प्रस्ताव फेटाळला, तो निर्णय लवादाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द ठरवल्यावर जुलै २०१५ मध्ये पुन्हा फेटाळला, आणि क्लब हल सिटीच राहिला. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या क्लबचे २००५ साली रेड बुलने नाव आणि जांभळा रंग दोन्ही बदलले, तेव्हा चाहत्यांनी जुन्या नावाचा नवा क्लब काढून तळाच्या श्रेणीपासून सुरुवात केली. कोलकात्यात यातली कोणतीच वाट नव्हती. नावाचा निर्णय सर्वस्वी कंपनीच्या संचालक मंडळाचा होता, आणि ८० टक्के हिस्सा विकून क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी तो आपल्या हातांनी देऊन टाकला होता. २०२० मध्ये चाहते चिडले ते गोएंकांवर. वास्तविक पहिला जाब त्यांनी स्वतःच्या क्लबला विचारायला हवा होता. मोहन बागानकडे शतकाचा वारसा होता म्हणून निदान भांडता तरी आले. पुण्याची सुपर लीगमधली फ्रँचायझी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद होऊन तिची जागा हैदराबादला गेली, तेव्हा पाच वर्षांच्या क्लबच्या चाहत्यांना हळहळण्यापलीकडे काही करता आले नाही.

नाव बदलल्यानंतर संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये ईस्ट बंगालला १-० हरवून ड्युरँड चषक जिंकला, २०२३-२४ मध्ये सुपर लीगच्या साखळीत अव्वल येऊन शील्ड मिळवली आणि २०२४-२५ मध्ये शील्ड व चषक दोन्ही जिंकले. या सर्व किताबांच्या नोंदीत विजेत्याचे नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ असे आहे.