तळटीप : हेक्झेन

हेक्झेन : सोयाबीन आणि सरकीच्या पेंडीतले तेल सॉल्व्हंट प्लांटमध्ये विरघळवून काढण्यासाठी वापरतात ते खनिज द्रावक. सोयाबीन-कापूस पिकवणाऱ्या परभणीसारख्या जिल्ह्यांशी त्याचा थेट संबंध येतो. त्याची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने खड्ड्यांत साचते, हवेत १.१ टक्का झाली तरी ठिणगीने पेटते. श्वासावाटे गेलेल्या एन-हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होते. ते मज्जातंतूंना इजा करते : आधी हातापायांची बोटे बधिर होतात, पुढे स्नायू दुबळे पडतात. आठ तासांच्या पाळीसाठी अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग आहे. मोजणीसाठी कामगाराच्या गळ्याजवळ सक्रिय कोळशाची नळी आणि छोटा पंप लावतात. पाळी संपताना लघवीही तपासतात. नुसत्या वासावर विसंबणे धोक्याचे.