अभिसंधान, अभिजात

एखादा तटस्थ उद्दीपक नैसर्गिक उद्दीपकाच्या जोडीने वारंवार आला की पुढे तो एकटाच तशी प्रतिक्रिया घडवू लागतो. शिकण्याच्या या प्रकाराला अभिजात अभिसंधान म्हणतात. इव्हान पाव्हलोव्ह (१८४९–१९३६) यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले. कुत्र्याच्या लाळेचे प्रयोग त्याच कामातून निघाले. आवाजासोबत अन्न मिळत गेल्यावर कुत्र्याला नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. या आवाजासाठी घंटा प्रसिद्ध झाली, पण मेट्रोनोम व गुंजकाचा वापरही तेथे होता. अन्न न देता नुसता आवाज होत राहिला तर लाळ थांबते (विलोपन). काही काळाने ती पुन्हा स्रवते, म्हणजे साहचर्य पुसले जात नाही.

मानसशास्त्रज्ञ वॉटसन व रेनर यांनी १९२० मध्ये याच तत्त्वाने ‘अल्बर्ट’ या बालकात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली. हे बालक कोण, याबद्दल मतभेद आहेत. सशाला भिणाऱ्या पीटर या बालकाची भीती मेरी कव्हर जोन्स यांनी खाऊच्या सोबतीने घालवली (१९२४). उपचाराच्या दृष्टीने हाच प्रयोग अधिक मोलाचा.

पुढे गार्सिया व रेस्कोर्ला या संशोधकांनी अभिजात अभिसंधानाच्या सिद्धांतात दुरुस्त्या केल्या.

भारतातील उपयोग : हैदराबादलगतच्या सिकंदराबाद येथील मनोविकासनगरातील राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८४) बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिकण्याच्या अशा तत्त्वांवर आधारलेली वर्तनपद्धती रुजली. तेथील रीता पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका व ‘बेसिक-एमआर’ ही वर्तनमापनश्रेणी सिद्ध केली. या श्रेणीच्या पहिल्या भागात ७ क्षेत्रांतील २८० कौशल्ये आहेत : हालचाली, दैनंदिन व्यवहार, भाषा, वाचन-लेखन, अंक व वेळ, घरगुती व सामाजिक वर्तन, पूर्वव्यावसायिक कौशल्ये व पैसे. मूल काम स्वतः करते, खुणेने करते, सांगितल्यावर करते की हात धरून करवून घ्यावे लागते, त्यानुसार गुण पडतात. दुसऱ्या भागात समस्यावर्तनाच्या ७५ नोंदी १० गटांत आहेत. आदळआपट, स्वतःला इजा करणे, हट्टीपणा इत्यादी.

या वर्तनपद्धतीचा कणा बक्षिसावर चालणारे साधक अभिसंधान हा आहे. त्याला सरसकट पाव्हलोव्हच्या खाती मांडणे चूक. मात्र दुसऱ्या भागातील ‘भीती’ हा गट अभिजात अभिसंधानाच्या कक्षेत येतो. अशा भीतीवर मुलाला टप्प्याटप्प्याने, सुखद गोष्टीच्या सोबतीने वस्तूजवळ नेण्याचा जोन्सचाच मार्ग उपयोगी पडतो. व्यवहारात दोन्ही तत्त्वे एकत्र चालतात.